शिट्टी खाली ठेवल्यावर

उत्तम शिक्षकाला मुख्याध्यापक करावं, उत्तम सर्जनला रुग्णालयाचा अधीक्षक करावं, उत्तम कीर्तनकाराला देवस्थानाचा विश्वस्त करावं, अशी आपल्या समाजाची जुनी रीत आहे. माणूस एखाद्या कामात तरबेज झाला, की त्याचा सन्मान म्हणून त्याला त्या कामातून उठवायचं आणि खुर्चीत नेऊन बसवायचं! उमेदीची वर्षं बँकेत गेल्यामुळे या रिवाजाचे नमुने मी पुष्कळ पाहिले. नोटांची चळत डोळे मिटून मोजणारा, संध्याकाळी पैशापैशाचा मेळ घालूनच घरी जाणारा कॅशियर एक दिवस शाखाधिकारी व्हायचा आणि मग कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे, 'आता याला काय उत्तर द्यावं' अशा चेहऱ्यानं पाहत बसायचा. मोजणं त्याला येत होतं. माणूस जोखणं हे निराळं काम आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हा पेच सगळीकडेच आहे. पण तो भर चौकात, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत मांडला जातो तो अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांत. तिथं बास्केटबॉलचा नामवंत प्रशिक्षक एक दिवस गळ्यातली शिट्टी काढून ठेवतो आणि त्याच विद्यापीठाचा, किंवा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाचा 'ॲथलेटिक डायरेक्टर' होतो. आपण त्याला क्रीडा संचालक म्हणू. वर्तमानपत्रांत बढतीची बातमी येते, हारतुरे होतात. पण ही खरोखर बढती असते का? की एका धंद्यातून उठून दुसऱ्याच धंद्यात शिरणं असतं?

आधी थोडा खुलासा करायला हवा. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सामन्याला पन्नास प्रेक्षक जमले तरी डोक्यावरून पाणी. त्यातही निम्मे पुढच्या सामन्याचे खेळाडू असतात. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाचं 'रप अरीना' १९७६ साली उघडलं, ते तेवीस हजार माणसं बसतील एवढं मोठं. आणि ते भरायचं! टीव्हीचे करार, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, खेळाडूंना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या, असा सगळा मोठा संसार त्या खेळामागे असतो. प्रशिक्षक हा त्या संसाराचा लोकांना दिसणारा चेहरा. क्रीडा संचालक हा त्याचा कारभारी. फुटबॉलपासून पोहण्यापर्यंत सगळे संघ, सगळे प्रशिक्षक त्याच्या हाताखाली. कोणाला नेमायचं, कोणाला काढायचं, पैसा कुठून आणायचा, नियम मोडले तर उत्तर कोणी द्यायचं, हे सगळं त्याच्याकडे. आणि या सर्वांवर नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए या संस्थेची करडी नजर.

पूर्वी ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे असणं हा रिवाजच होता. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत बास्केटबॉलचा शोध लावला आणि पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले. गंमत अशी, की त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले एकटे तेच. खुद्द खेळाचे जनक! त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांनी मात्र खेळाला शिस्त आणली, प्रशिक्षकांची संघटना बांधली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला जागा मिळावी म्हणून खटपट केली, आणि हे सगळं करताना १९१९ ते १९३७ अशी अठरा वर्षं कॅन्ससचं क्रीडा संचालकपदही सांभाळलं. अलाबामा विद्यापीठात फुटबॉलचे प्रसिद्ध प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट हे स्वतःच क्रीडा संचालक होते. म्हणजे प्रशिक्षक ब्रायंट यांचे साहेब कोण, तर संचालक ब्रायंट! आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर व्हाउचर लिहिणारा आणि पास करणारा एकच. अशा ठिकाणी सगळं सुरळीत चाललं, तर तो त्या माणसाचा मोठेपणा मानायचा. त्या पद्धतीचा नव्हे.

याच ब्रायंट यांनी १९६८ साली एका तुलनेनं अपरिचित माणसाला अलाबामाचा बास्केटबॉल प्रशिक्षक नेमलं. त्याचं नाव चार्ल्स मार्टिन न्यूटन, सगळ्यांच्या तोंडी सी. एम. न्यूटन. (सफरचंदवाल्या न्यूटनशी नातं नाही, पण वर गेलेला चेंडू कधीतरी खाली येतोच, एवढी समज दोघांनाही होती.) प्रशिक्षकाचा कारभारी होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला न्यूटन यांच्या आयुष्यासारखं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

न्यूटन यांचा जन्म १९३० सालचा, टेनेसी राज्यातला. शिक्षण केंटकी विद्यापीठात. तिथं ॲडॉल्फ रप या दबदब्याच्या प्रशिक्षकाच्या संघात ते खेळले. १९५१ साली केंटकीनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा न्यूटन त्या संघात होते. पण बहुतेक वेळ बाकावर. त्याच वर्षी कॉलेजच्या बास्केटबॉलमधलं सट्टेबाजीचं मोठं प्रकरण उघडकीस आलं. पैसे घेऊन मुद्दाम कमी फरकानं जिंकायचं, असा तो प्रकार. केंटकीचे खेळाडूही त्यात निघाले आणि १९५२-५३ चा अख्खा मोसम विद्यापीठाला खेळता आला नाही. विजेतेपदाचा गुलाल अंगावर असतानाच संस्थेची अब्रू कशी जाते, हे न्यूटन यांनी विशी-बाविशीत पाहिलं.

त्यानंतर लेक्सिंग्टनमधल्याच ट्रान्सिल्व्हेनिया या लहानशा कॉलेजात त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ मुलांना खेळ शिकवला. तिथून थेट अलाबामा. ब्रायंट यांनी रपकडे नाव विचारलं आणि रपनी न्यूटन यांचं नाव सुचवलं, असं त्या नेमणुकीमागचं सूत्र होतं. पहिल्या मोसमाचा हिशेब: चार विजय, वीस पराभव!

पण त्या काळातल्या अलाबामात धावफलकापेक्षा मोठा प्रश्न उभा होता. जून १९६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश घेता येऊ नये म्हणून याच विद्यापीठाच्या फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात उभे राहिले होते. आणि ते सभागृह म्हणजेच अलाबामाच्या बास्केटबॉलचं तेव्हाचं घर. त्या घटनेला पुरी सहा वर्षं झाली, तेव्हा १९६९ साली न्यूटन यांनी बर्मिंगहॅमच्या वेंडेल हडसन या मुलाला शिष्यवृत्ती दिली. क्रीडा शिष्यवृत्तीवर अलाबामात आलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे डिसेंबर १९७३ मध्ये न्यूटन यांनी सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले; साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या गटात हे आधी कोणी केलेलं नव्हतं. १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं त्या गटाचं विजेतेपद अलाबामाकडे आलं.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हडसनला न्यूटन यांनी निवडलं खरं, पण न्यूटनना निवडलं होतं ब्रायंट यांनी, आणि त्या निवडीच्या मागेही संचालक म्हणून उभे होते ब्रायंटच. प्रशिक्षकाची हिंमत लोकांना दिसते. ती हिंमत करू देणारा माणूस मात्र कुठल्या छायाचित्रात नसतो. हा धडा न्यूटन यांनी मनात जपून ठेवला असावा, असं त्यांची पुढची वाटचाल पाहून वाटतं.

१९८० मध्ये त्यांनी अलाबामा सोडलं आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या कचेरीत साहाय्यक आयुक्ताची खुर्ची घेतली. ती जेमतेम वर्षभर. १९८१ साली ते व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्रशिक्षक होऊन पुन्हा बाकाशी आले. पन्नाशीतल्या माणसाला फायलींचा वास एकदा घ्यावासा वाटला आणि तेवढ्यात शिट्टीची आठवण आली, असं म्हणू या. मात्र याच दशकाच्या पूर्वार्धात ते एनसीएएच्या नियम समितीचे अध्यक्षही होते. ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे, लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळावेत, हे आज खेळाचा प्राण वाटणारे नियम तेव्हा ठिकठिकाणी प्रयोग म्हणून तपासले जात होते. म्हणजे कोर्टावर आपला संघ जिंकावा म्हणून धडपडायचं आणि बैठकीत बसल्यावर खेळ सगळ्यांसाठी चांगला व्हावा म्हणून विचार करायचा, ही कसरत त्यांना साधली होती. पुढच्या कामाची तालीमच ती.

आणि मग आलं १९८९ साल.

केंटकी विद्यापीठ पुन्हा एकदा चव्हाट्यावर आलं होतं. १९८८ च्या वसंतात लॉस एंजेलिसमध्ये एका कुरियर कंपनीच्या गोदामात एक पाकीट उघडलेलं सापडलं. आत एक हजार डॉलर रोख. पाठवणारा म्हणून केंटकीच्या एका साहाय्यक प्रशिक्षकाचं नाव, पत्ता एका होतकरू खेळाडूच्या वडिलांचा. पैसे खरोखर कोणी भरले यावर पुढे बराच वाद झाला, कोर्टकचेरीही झाली. पण त्या पाकिटामागून चौकशी आली आणि चौकशीत इतर गोष्टी निघाल्या. क्रीडा संचालक क्लिफ हेगन यांनी राजीनामा दिला, मार्च १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षक एडी सटन यांनीही दिला. मे महिन्यात एनसीएएनं शिक्षा सुनावली: तीन वर्षं देखरेखीखाली, दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेला बंदी, एक वर्ष सामन्यांचं थेट प्रक्षेपण बंद.

या अवस्थेत विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड रोझेल यांनी संचालकपदासाठी न्यूटनना बोलावलं. एकोणसाठ वर्षांचं वय. आपल्याकडे निवृत्तीच्या फॉर्मवर सही झालेली असते! प्रशिक्षक म्हणून खात्यावर पाचशेनऊ विजय जमा. व्हँडरबिल्टचा मोसम संपवून ते आपल्या जुन्या विद्यापीठात परतले.

आता विचार करा. बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक नेमायचा आहे आणि नेमणारा स्वतः तीस वर्षं मुरलेला बास्केटबॉल प्रशिक्षक आहे. मोह किती मोठा असेल! एखादा आज्ञाधारक शिष्य आणून बसवावा आणि मागच्या खोलीतून दोऱ्या आपण हलवाव्यात. सून घरात आली तरी किल्ल्या कमरेलाच ठेवणाऱ्या सासूबाई आपण पाहिलेल्या असतात. न्यूटन यांनी तसं केलं नाही. त्यांनी न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांना गळ घातली. तिशीतला हा माणूस तडफदार, धावता खेळ खेळवणारा, स्वतःच्या मताचा पक्का. कोणाच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्यांतला नव्हे.

पिटिनो यांचा पहिला मोसम चौदा विजय, चौदा पराभव असा संपला. बरेच खेळाडू सोडून गेले होते. याच सुमारास, १९९० मध्ये, पिटिनो यांनी बर्नाडेट लॉक यांना साहाय्यक प्रशिक्षक म्हणून घेतलं. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठात पुरुषांच्या संघाला शिकवणारी स्त्री, ही तेव्हा अजब गोष्ट होती. संचालकाच्या मनात नसतं, तर ती फाइल टेबलावरच राहिली असती.

या काळातला एक प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बंदीच्या दिवसांत बरेच जण गेले, तरी चार मुलं थांबली: रिची फार्मर, जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहाउस आणि शॉन वुड्स. मार्च १९९२ मध्ये बंदी उठल्यावर ही मुलं ड्यूक विद्यापीठाविरुद्ध अंतिम चारांच्या उंबरठ्यावर पोहोचली. सामना जादा वेळेत गेला. २.१ सेकंद उरले असताना केंटकी एका गुणानं पुढे. तेवढ्यात ड्यूकच्या ग्रँट हिलनं कोर्टाच्या एका टोकाहून चेंडू फेकला, ख्रिश्चन लेटनरनं तो झेलला, गिरकी घेतली आणि टाकला. १०४-१०३. केंटकी हरलं. अमेरिकेत आजही तो सामना लोक पुन्हा पुन्हा पाहतात.

पुढे काय झालं, ते मात्र बाहेर फारसं सांगितलं जात नाही. काही दिवसांतच रप अरीनात त्या चौघांचा निरोप समारंभ झाला आणि न्यूटन यांनी त्यांच्या जर्सी छताला लावण्याची घोषणा केली. तो मान सहसा मोठमोठ्या विक्रमवीरांचा. या मुलांच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं. उलट एक प्रसिद्ध पराभव होता. पण संस्था बदनाम झाली तेव्हा ती सोडून गेली नाहीत. प्रशिक्षक न्यूटन यांनी कदाचित त्या शेवटच्या २.१ सेकंदांचा बचाव कसा चुकला, ते फळ्यावर काढून दाखवलं असतं. संचालक न्यूटन यांनी वेगळा हिशेब मांडला. कारभाऱ्याचं खरं काम इथं दिसतं. आपल्या घरात मान कशाला द्यायचा, हे तो ठरवतो. पुढची पिढी मान वर करून छताकडे पाहते, तेव्हा तिला काय दिसावं, हेही तोच ठरवतो.

१९९६ साली पिटिनो यांनी केंटकीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. १९९७ मध्ये अंतिम सामन्यात हार झाली आणि पिटिनो व्यावसायिक संघाकडे, बॉस्टन सेल्टिक्सकडे गेले. न्यूटन यांनी त्यांच्या जागी टबी स्मिथ यांना नेमलं. केंटकीच्या बास्केटबॉलचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. जिथं खेळायचं त्या वास्तूवर नाव कोणाचं, तर चार दशकांच्या कारकिर्दीत अगदी अखेरीला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेणाऱ्या रप यांचं! १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी रप यांच्या गोऱ्या संघाला हरवलं होतं, ती आठवण त्या गावात पुसलेली नव्हती. स्मिथ यांच्या नेमणुकीवर कुजबूज झाली. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ते राष्ट्रीय विजेते ठरले. १९६९ साली हडसनच्या शिष्यवृत्तीपासून निघालेली रेघ इथवर येते. तेव्हा न्यूटन यांच्या हातात पाच खेळाडू निवडण्याचा अधिकार होता. आता निवडणाऱ्याला निवडण्याचा होता. अधिकार वाढला, पण माणूस जोखण्याची रीत तीच राहिली.

इथं थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. म्हणून नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. न्यूटन यांनीच १९९७ च्या मोसमासाठी एका लहान कॉलेजातून हाल ममी यांना फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आणलं. धाडसी नेमणूक, खेळ बहारीचा होऊ लागला, स्टेडियम भरू लागलं. न्यूटन २०००च्या मध्याला निवृत्त झाले आणि नंतर काही महिन्यांतच फुटबॉल विभागातले गैरप्रकार बाहेर आले. २००२ साली एनसीएएनं केंटकीला पुन्हा तीन वर्षं देखरेखीखाली ठेवलं. त्यातले बरेच प्रकार न्यूटन यांच्या कारकिर्दीतल्या वर्षांतले. ज्या कीर्तीला लागलेला डाग पुसायला ते आले होते, तसाच डाग दुसऱ्या खोलीत पडत होता. ज्या खेळात हयात गेली, त्या खेळातली कुजबूज कानाला लगेच ऐकू येते. ज्यात गेली नाही, तिथं फक्त टाळ्या ऐकू येतात. प्रशिक्षकाचा संचालक करताना हा धोका लक्षात ठेवायलाच हवा. तो एका खेळाचा जाणकार असतो आणि त्याला वीस खेळांचं घर सांभाळायचं असतं.

न्यूटन हे एकटे नव्हेत. प्रॉव्हिडन्स कॉलेजचे डेव्ह गॅव्हिट यांनी १९७३ साली आपला संघ अंतिम चारांत नेला. १९८० च्या ऑलिंपिक संघाचे ते प्रशिक्षक होते. पण अमेरिकेनं मॉस्कोवर बहिष्कार टाकला आणि प्रशिक्षकाचं ते स्वप्न तिथंच मिटलं. त्याआधी १९७९ मध्ये त्यांनी पूर्वेकडच्या विद्यापीठांना एकत्र आणून 'बिग ईस्ट' हा गट उभा केला होता. योगायोग असा, की खेळांना वाहिलेली ईएसपीएन ही दूरचित्रवाणी वाहिनीही त्याच सालची. सामने दाखवायला वाहिनी आणि वाहिनीला हवे असलेले सामने, अशी जोडी जमली. १९८५ साली अंतिम चारांत तीन संघ या एकाच गटाचे होते. आणि बार्सिलोनात १९९२ साली जॉर्डन, जॉन्सन, बर्ड यांचा तो प्रसिद्ध 'ड्रीम टीम' उतरला, तेव्हा गॅव्हिट अमेरिकेच्या बास्केटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांच्यामागून त्या पदावर आले ते आपले न्यूटनच.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट आणखी अरुंद होती. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानं शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणं बंधनकारक झालं; मैदानं हळूहळू उघडली, कचेऱ्यांची दारं त्याहून हळू. टेक्ससच्या जोडी कॉनरड यांचा संघ १९८६ साली एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेता ठरला. १९९२ पासून जवळजवळ दहा वर्षं त्या प्रशिक्षकही होत्या आणि महिला विभागाच्या क्रीडा संचालकही. २००१ साली दोन्हींतलं एक सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली आणि शिट्टी ठेवली! उलट नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट विद्यापीठाच्या जूडी रोज यांनी सत्तरच्या दशकात महिला संघाला शिकवलं, मग कचेरीची वाट धरली आणि १९९० ते २०१८ अशी अठ्ठावीस वर्षं त्या विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा कारभार पाहिला. दोघींचे निर्णय परस्परविरुद्ध, आणि मला दोन्ही बरोबर वाटतात. कारण दोघींनीही आपल्याला कशात रस आहे ते ओळखलं. बढती नाकारण्याला धैर्य लागतं, हे आपल्याकडे कितीदा सांगावं लागेल!

आज या खुर्चीचं स्वरूप आणखी बदललं आहे. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचा, छबीचा मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. १९८८ च्या पाकिटातले ते एक हजार डॉलर आठवा! जो व्यवहार तेव्हा गुन्हा होता, तसाच व्यवहार आज ताळेबंदात रीतसर नोंदवता येतो. फुटबॉलच्या पैशापायी २०१३ मध्ये गॅव्हिट यांच्या बिग ईस्टचीही शकलं झाली. बास्केटबॉलवर निष्ठा असलेल्या कॅथलिक विद्यापीठांनी नाव तेवढं सांभाळलं. अशा बाजारात आता संचालक म्हणून निधी उभारणारा, कायदा जाणणारा, करार करणारा माणूस हवा असं म्हटलं जातं. हिशेबाच्या बाजूनं ते खरं आहे, आणि हिशेब मला तरी तुच्छ वाटत नाही. पण ज्यानं एकोणीस वर्षांच्या मुलाला हरल्यावर रडताना जवळून पाहिलेलंच नाही, त्याच्या ताळेबंदात ते मूल फक्त खर्चाच्या रकान्यात दिसेल, अशी भीती वाटते.

आपल्याकडचं चित्र तर वेगळंच आहे. मैदानावरचा माणूस खुर्चीत गेल्यावर बिघडतो की सुधारतो, हा प्रश्न पडावा एवढे लोक मैदानावरून खुर्चीपर्यंत पोहोचतात तरी कुठे? २००१ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी अजित वाडेकर उभे राहिले. वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये भारताला मालिका जिंकून देणारा कर्णधार, संघाचा व्यवस्थापक, शिवाय स्टेट बँकेत अधिकारपदं सांभाळलेला माणूस. ते शरद पवारांकडून हरले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून हरले. जिंकणाऱ्यांची कारभारातली हुशारी वादातीत होती, हे मान्य. तरीही ज्यानं उन्हात दिवसभर क्षेत्ररक्षण केलं आहे, त्याच्या अनुभवाची किंमत मतपेटीत इतकी कमी का भरावी?

माझं म्हणणं एवढंच, की चांगल्या प्रशिक्षकानं कचेरीत जरूर जावं. पण शिट्टी बाहेर ठेवून. आत गेल्यावर त्याला रोज रात्री निकाल सांगणारा धावफलक मिळणार नाही. चांगलं झालं तर श्रेय पिटिनोंचं, स्मिथांचं. वाईट झालं तर पहिला जाब संचालकाला. त्यानं पेरलेलं उगवेल तेव्हा खुर्चीत दुसराच कोणी असेल. हे ज्याला सोसत नाही त्यानं कॉनरड यांच्यासारखं मैदानावर राहावं. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला सोसतं, त्यानं मात्र मैदानावरून एक शिदोरी बरोबर न्यावी: माणसं ओळखण्याची सवय.

सी. एम. न्यूटन जून २०१८ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अलाबामातल्या टस्कलूसा गावी गेले. तिथल्याच विद्यापीठात वेंडेल हडसन पुढे क्रीडा प्रशासनात आला होता, महिला संघाचा प्रशिक्षकही झाला होता. २०२० साली अलाबामानं हडसनची जर्सी समारंभपूर्वक निवृत्त केली. शिष्यवृत्तीच्या कागदावर सही झाली, त्याला तोवर पन्नास वर्षं उलटून गेली होती.